आम्लाचा पीएच ८ कसा आला? एका विद्यार्थिनीच्या पाच असाइनमेंटचं प्रकरण

हायड्रोक्लोरिक आम्लाचं अतिशय विरल द्रावण. तीव्रता दहाचा उणे आठवा घात मोलर, तापमान २५ अंश सेल्सिअस. पीएच काढा. वहीतलं उत्तर: ८. त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

बाकी सगळं नेटकं होतं. सूत्र बरोबर, लॉग बरोबर, प्रत्येक पायरी नव्या ओळीवर. फक्त शेवटी जे हाती आलं त्याचा अर्थ असा होता की पाण्यात आम्ल टाकलं आणि पाणी आम्लारिधर्मी झालं. पीएच ७ च्या वर गेला की द्रावण आम्लारिधर्मी, हे या मुलीला शाळेपासून माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तरीही तिने ८ लिहिलं, रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

हे का झालं, याचा शोध घेताना जे सापडलं ते इथे मांडतोय. विद्यार्थिनीच्या परवानगीने लिहितोय. तिचं नाव आणि कॉलेज देत नाही.

ती पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. मुख्य विषय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, जोडीला संख्याशास्त्र, शिवाय दुसऱ्या शाखांमधून घेतलेले दोन विषय: अर्थशास्त्र आणि इतिहास. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि आठवड्यातून एकदा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी शंकानिरसनाचा तास घेतो. त्या तासाला ती आली ती एक शंका घेऊन नव्हे, तर तपासून परत आलेल्या पाचही असाइनमेंटचा गठ्ठा घेऊन. दहापैकी भौतिकशास्त्रात ३, रसायनशास्त्रात २, संख्याशास्त्रात ४, अर्थशास्त्रात ५, इतिहासात ४. पन्नासपैकी १८.

"सर, मी अभ्यास करते. खरंच करते. तरी सगळीकडेच असं कसं झालं?"

माझा पहिला अंदाज चुकीचा होता. सूत्रं अचूक आणि उत्तरं चुकलेली असली की शिक्षकाच्या मनात आधी येतं ते उतरवून काढल्याचं. मी तिला तसं थेट विचारलं नाही, पण कच्ची वही मात्र मागितली. तिने ती लगेच पुढे केली. सगळी आकडेमोड तिच्याच हाताची होती, खाडाखोडीसकट. मग वाटलं, गणिताचा पाया कच्चा असेल. लॉग, टक्केवारी आणि वर्गसमीकरणाची दहा-बारा छोटी उदाहरणं तिथल्या तिथे दिली. एक चुकलं, तेही घाईत. म्हणजे हेही कारण नव्हतं.

मग आम्ही माझ्या विषयापासून सुरुवात केली, कारण तिथे माझे पाय जमिनीवर होते.

ठोकळा कुणीकडे जाईल?

प्रश्न असा होता: आडव्या पृष्ठभागावर १० किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर आहे. स्थितिक घर्षणांक ०.५. ठोकळ्यावर २० न्यूटनचं आडवं बल उजवीकडे लावलं. ठोकळ्यावरचं घर्षण बल किती? गुरुत्वीय त्वरण ९.८ घ्या.

तिचं उत्तर: ०.५ × १० × ९.८, म्हणजे ४९ न्यूटन. लाल पेनाने फुली, शेजारी लिहिलेलं "२० न्यूटन", आणि बस्स. फुली मारणारा मीच होतो. चाळीस वह्या तपासताना तेवढंच होतं, पण त्या फुलीतून तिला काहीही शिकता येण्यासारखं नव्हतं, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

मी तिला ठोकळा काढायला सांगितला आणि त्यावरच्या आडव्या बलांचे बाण.

"उजवीकडे किती?"

"२०."

"डावीकडे?"

"४९. घर्षण."

"मग ठोकळा कुणीकडे जाईल?"

तिची पेन्सिल डाव्या बाणाच्या टोकावर थांबली. बराच वेळ तिथेच होती. "डावीकडे," ती म्हणाली. "म्हणजे… जो ढकलतोय त्याच्याच अंगावर?"

"किती त्वरणाने?"

"२९ भागिले १०. २.९." आणि मग वहीकडे बघतच, जरा रागाने: "पण सर, सोडवलेल्या उदाहरणात अस्संच केलंय!"

तिने पुस्तक उघडून दाखवलं. तोच ठोकळा, तोच घर्षणांक, तीच आकृती. पण त्या उदाहरणात विचारलं होतं, की ठोकळा हलवायला किमान किती बल लागेल. त्याचं उत्तर खरंच ४९ न्यूटन. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग ठोकळ्याला वर रेटतो ते बल, इथे ठोकळ्याच्या वजनाएवढं) म्हणजे स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा. त्या मर्यादेच्या आत घर्षण लागेल तेवढंच होतं: कोणी ढकललंच नाही तर शून्य, २० ने ढकललं तर २०, ४८ ने ढकललं तर ४८. पुस्तक बरोबर होतं, सूत्र बरोबर होतं, गुणाकारही बरोबर होता. तिने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं.

तिची पद्धत मग तिनेच सांगितली, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. असाइनमेंटचा प्रश्न वाचायचा, पुस्तकात त्याच्यासारखं दिसणारं उदाहरण शोधायचं, आकडे बदलून त्याच पायऱ्या करायच्या. शाळेत ही पद्धत तिला कधी दगा देत नव्हती. याला मी आळस म्हणणार नाही. तिने रात्र-रात्र बसून हे केलं होतं. अडचण "सारखं दिसणारं" या दोन शब्दांत होती. संशोधक मिशलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पदवीचे विद्यार्थी आणि भौतिकशास्त्रात पीएचडी करणारे यांना उदाहरणांचे गट करायला सांगितले होते. नवख्यांनी उतरणीची उदाहरणं एका गटात टाकली, स्प्रिंगची दुसऱ्या. मुरलेल्यांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकीकडे आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसरीकडे, अशी विभागणी केली. नवख्यांची नजर चित्रावर होती, मुरलेल्यांची उदाहरण ज्या तत्त्वाने सुटतं त्यावर. आमच्या विद्यार्थिनीची नजरही चित्रावरच खिळलेली होती.

पाणीही काहीतरी देतं

आता आम्लाकडे परत जाता आलं. "पुस्तकात कुठलं उदाहरण होतं?" तिने न बघता सांगितलं: दहाचा उणे तिसरा घात मोलर, पीएच ३. उणे तीनच्या जागी उणे आठ, म्हणून ३ च्या जागी ८.

पहिल्या उदाहरणात एक गोष्ट न बोलता सोडून दिली होती, आणि तिथे ती सोडणं योग्यच होतं. शुद्ध पाण्याचं स्वतःचंही थोडं आयनीभवन होतं, म्हणजे त्याचे काही रेणू आपोआप आयनांत फुटतात. २५ अंशांना त्यातून, पीएच ज्यांच्यावरून ठरतो त्या, हायड्रोजन आयनांची दहाचा उणे सातवा घात मोलर एवढी तीव्रता येते. आम्लाकडून येणारे आयन त्याच्या दहा हजारपट असतील तर पाण्याचा वाटा कोण मोजतो? पण इथे आम्लाचा वाटा पाण्याच्या वाट्याच्या फक्त एक दशांश होता.

मी एवढंच विचारलं: "यात आम्ल टाकलंच नसतं, तर पीएच किती?"

"७."

"आणि टाकल्यावर?"

"७ पेक्षा कमी. थोडासाच." आणि मग तिने मी न सांगता दोन्ही वाटे मिळवले. दहाचा उणे सातवा आणि त्याचा दहावा भाग, मिळून १.१ गुणिले दहाचा उणे सातवा. पीएच ६.९६.

हे उत्तरही पूर्ण बरोबर नाही. बाहेरून हायड्रोजन आयन आले की पाण्याचं आयनीभवन थोडं मागे रेटलं जातं, त्यामुळे पाण्याचा वाटा पूर्ण दहाचा उणे सातवा राहत नाही, साधारण ०.९५ पट होतो. पाण्याचा आयनिक गुणाकार (हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार) दहाचा उणे चौदावा घात घेऊन वर्गसमीकरण मांडलं, की एकूण तीव्रता १.०५ गुणिले दहाचा उणे सातवा येते आणि पीएच ६.९८. वर्गसमीकरण तिने पाच मिनिटांत सोडवलं. पण मला खरं समाधान दिलं ते ६.९६ ने. ८ पासून ६.९६ पर्यंतची उडी ही समजेची होती, ६.९६ ते ६.९८ हे नुसतं काम होतं. तपासताना ६.९६ ला आणि ८ ला सारखीच फुली मिळते, याचं मला तेव्हापासून वाईट वाटत आलं आहे.

या दोन प्रश्नांनंतर आम्ही एक नेम ठरवला. पुस्तक उघडायच्या आधी दोन ओळी लिहायच्या. पहिली: मला नेमकं काय शोधायचंय, स्वतःच्या शब्दांत. दुसरी: उत्तर काय असूच शकत नाही. स्थिर ठोकळ्यावरचं घर्षण ढकलणाऱ्या बलापेक्षा जास्त असू शकत नाही. आम्लाचा पीएच ७ च्या वर जाऊ शकत नाही. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरण हाती घेताना विचारायला सांगितलेले प्रश्न हेच आहेत: अज्ञात काय, दिलंय काय, अट काय. उत्तराची शक्यता आधी आजमावण्याची ओळ मी पदरची जोडली.

मला वाटलं, गाठ सुटली. पण पुढच्याच प्रश्नाने दाखवलं की सुटली नव्हती.

"पैकी"च्या आधीचा शब्द

संख्याशास्त्राचा प्रश्न: एका रोगाचं लोकसंख्येतलं प्रमाण १ टक्का आहे. रोग असलेल्यांपैकी ९० टक्के जणांची चाचणी पॉझिटिव्ह येते. रोग नसलेल्यांपैकीही ९ टक्के जणांची पॉझिटिव्ह येते. एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला रोग असण्याची संभाव्यता किती?

तिचं उत्तर: ०.९०.

इथे दुसरी ओळ काहीच कामाची नव्हती. ०.९० मध्ये अशक्य असं काय आहे? शून्य आणि एकच्या मध्ये आहे, चाचणी चांगली आहे, माणूस पॉझिटिव्ह आहे. उलट हे उत्तर वाजवीच वाटतं. खरं उत्तर, साधारण ९ टक्के, तेच अशक्य वाटतं. आधी अंदाज बांधा म्हणून सांगणारा मी, आणि इथे अंदाजच दिशाभूल करत होता.

म्हणून आम्ही पहिल्या ओळीकडे गेलो आणि प्रश्नाचं वाक्य शब्दाशब्दाने वाचलं. तिने मोठ्याने वाचलं: "रोग असलेल्यांपैकी ९० टक्के…" मी थांबवलं. "आणि शेवटी विचारलंय ते कोणापैकी?"

तिने वाक्य पुन्हा वाचलं. शेवटच्या वाक्यात "पैकी" हा शब्दच नाही. तो आपण घालायचा असतो. "पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी रोग असलेले," ती सावकाश म्हणाली. आणि मग पेन्सिलने दोन्ही ठिकाणी "पैकी"च्या आधीच्या शब्दाभोवती गोल केला. एकीकडे "रोग असलेल्यां", दुसरीकडे "पॉझिटिव्ह आलेल्यां". सशर्त संभाव्यतेवर मी ऐकलेल्या बऱ्याच व्याख्यानांपेक्षा हे दोन गोल मला जास्त बोलके वाटतात. "पैकी"च्या आधी जे असतं तो छेद. छेद बदलला की प्रश्न बदलला.

पुढची आकडेमोड टक्क्यांऐवजी माणसांत केली. १,००० जण घेऊ. रोग असलेले १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. रोग नसलेले ९९०, त्यांचे ९ टक्के म्हणजे सुमारे ८९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८, आणि त्यांच्यापैकी खरोखर रोगी ९. म्हणजे ९.२ टक्के. टक्केवारीऐवजी अशी माणसं मोजायला दिली की अशा प्रश्नांची उत्तरं जास्त जणांना जमतात, हे मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिक हॉफरागे यांनी १९९५ मध्ये दाखवलं. इंग्रज धर्मोपदेशक आणि गणितज्ञ थॉमस बेझ यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. अडीचशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी हा प्रश्न अजून हुशार माणसांना चकवतो, तर पहिल्या वर्षाच्या मुलीने चकावं यात नवल नाही. तिने वहीत बेझचं सूत्र वरती लिहिलेलंही होतं. पण सूत्रात भरायचं काय, याचा निर्णय वाक्य वाचताना होतो, आणि तिथेच ती घसरली होती.

अर्थशास्त्राचा प्रश्न लवकर उरकला, म्हणून थोडक्यात. किंमत २० वरून २५ झाली, मागणी १०० वरून ८० वर आली. मागणीची लवचिकता (मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल) काढा आणि एकूण प्राप्तीवर काय परिणाम होईल ते सांगा. तिने मागणीतली घट २० टक्के, किमतीतली वाढ २५ टक्के, म्हणून लवचिकता ०.८, एकपेक्षा कमी, म्हणजे किंमत वाढवल्यावर प्राप्ती वाढेल, असं लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकातला नियम तोंडपाठ. मी म्हटलं, प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले नग, तर करून बघ. २० गुणिले १००, २,०००. २५ गुणिले ८०, २,०००. वाढ शून्य. तिला हसू आलं आणि मग तिनेच उलटा प्रवास करून पाहिला: २५ वरून २० वर येताना किंमत २० टक्के उतरते, मागणी २५ टक्के वाढते, लवचिकता १.२५. त्याच दोन बिंदूंमध्ये जाताना एक आकडा, येताना दुसरा. टक्केवारीचा पाया बदलतो म्हणून हे होतं, आणि म्हणूनच एवढ्या मोठ्या बदलासाठी मध्यबिंदूची पद्धत वापरतात. मध्य धरला तर मागणीतला बदल ९० वर २०, किमतीतला २२.५ वर ५, दोन्ही २२.२ टक्के, लवचिकता १, प्राप्ती स्थिर. दोन आकड्यांचा गुणाकार प्रश्नातच बसलेला होता आणि तिने तो केला नव्हता, कारण सोडवलेल्या उदाहरणात तो केलेला नव्हता.

अटळ

इतिहासाचा कागद मी घाबरतच हातात घेतला. तो माझा विषय नाही. प्रश्न होता: ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या १९१४ च्या जूनमधील हत्येनंतर युरोपातील युद्ध अटळ होते का? चर्चा करा. तिने चार मथळे दिले होते, लष्करवाद, परस्पर करारांचे गट, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, आणि पाचवा मथळा "तात्कालिक कारण". चार पानं, अक्षर सुंदर, चुकीचं असं एकही वाक्य नाही. दहापैकी ४.

तिला हे मार्क सर्वांत जास्त लागले होते. "यात चूक काय आहे ते तरी सांगा सर." मला सांगता येईना. मी इतिहासाच्या सहकारी बाईंकडे तो कागद घेऊन गेलो. त्यांनी पहिलं पान वाचून बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं: ही चारही कारणं १९०८ मध्ये होती ना? मग तेव्हा युद्ध का झालं नाही?

मला तो प्रश्न एखाद्या प्रयोगासारखा वाटला. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला, तेव्हा रशिया आणि सर्बिया संतापले होते. १९११ मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी समोरासमोर आले. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली. करारांचे गट तर त्याआधीच तयार होते: जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी १८७९ पासून, फ्रान्स आणि रशिया १८९४ पासून, ब्रिटनचा फ्रान्सशी समझोता १९०४ चा, रशियाशी १९०७ चा. तरीही महासत्ता एकमेकींवर तुटून पडल्या नाहीत. जे कायम हजर होतं, ते एकट्याने १९१४ चं वेगळेपण सांगू शकत नाही.

तिला मी बाईंचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तिने मार्गदर्शक उघडून दाखवलं. तिथला प्रश्न होता "पहिल्या महायुद्धाची कारणे सांगा". विषय तोच, प्रश्न वेगळा. पुन्हा तोच ठोकळा.

मग तिने २८ जून ते ४ ऑगस्ट, या ३७ दिवसांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचं आश्वासन दिलं. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. २५ ला सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य करणारं उत्तर दिलं, तरी २८ ला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ३० ला रशियाने सर्व सैन्य उभं करण्याचा आदेश काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ४ ला ब्रिटन उतरलं. प्रत्येक तारखेसमोर तिने एक रिकामा रकाना सोडला आणि वर लिहिलं: "इथे कोणाला वेगळं काही करता आलं असतं?" हा रकाना तिचा स्वतःचा, मी सुचवलेला नाही.

पुन्हा लिहिलेल्या उत्तराला बाईंनी ६ दिले. तारखा खूप, भूमिका कमी, असा शेरा. "अटळ होतं" की "नव्हतं", हे तिने शेवटपर्यंत ठामपणे लिहिलं नाही. विज्ञानाच्या मुलांना आपलं मत मांडणं म्हणजे पुराव्याशिवाय बोलणं वाटतं, हे मी तिच्यात पाहिलं आणि माझ्यातही ओळखलं. इतिहासात ती सर्वांत कमी सुधारली, आणि तिथे मला तिला फारशी मदत करता आली नाही.

पाच शिक्षक, पाच तुकडे

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही, की आम्हा पाचांपैकी कोणालाही हे दिसणं शक्य नव्हतं. मला घर्षण कच्चं असलेली मुलगी दिसली, रसायनशास्त्राच्या सरांना आयनीभवन न समजलेली, संख्याशास्त्राच्या बाईंना बेझचं सूत्र न कळलेली. प्रत्येकाने आपापल्या विषयातली त्रुटी नोंदवली आणि "हा धडा पुन्हा वाच" असं सांगितलं. तिने पाचही धडे पुन्हा वाचले असते आणि पुन्हा १८ मिळवले असते. पाचही वह्या एका टेबलावर शेजारी-शेजारी उघडल्या, तेव्हाच दिसलं की ती धडे विसरत नव्हती, प्रश्न ओलांडून पुढे जात होती.

दोन ओळींचा नेम सरळ रुळला नाही. तिचा वेग निम्म्यावर आला. तिसऱ्या आठवड्यात एक असाइनमेंट वेळेत झाली नाही आणि त्या विषयात उशिराच्या सबमिशनला शून्य होतं. ती चिडून आली. "सर, आधी निदान मार्क तरी मिळत होते." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मग तिनेच मार्ग काढला: सरावाच्या साध्या उदाहरणांना ओळी नाहीत, पण ज्या प्रश्नाला पुस्तकात जुळा भाऊ असल्यासारखं उदाहरण सापडेल, तिथे दोन्ही ओळी हव्यातच. प्रश्न जितका ओळखीचा, तितकं जास्त सावध राहायचं. मी असतो तर नियम अवघड प्रश्नांसाठी ठेवला असता. तिचा नियम माझ्यापेक्षा चांगला होता.

तिच्या एका मैत्रिणीबद्दल लिहायला हवं, कारण आजकाल हा मुद्दा टाळून चालत नाही. त्या मैत्रिणीने घर्षणाचा प्रश्न फोनवर टाकून तयार उत्तर मिळवलं होतं. उत्तर बरोबर होतं: २० न्यूटन, कारण ठोकळा स्थिर आहे आणि घर्षण लावलेल्या बलाएवढं असतं. तिला पूर्ण गुण मिळाले. महिन्याभराने वर्गचाचणीत मी तोच ठोकळा दिला, फक्त बल ६० न्यूटन केलं आणि गतिज घर्षणांक, म्हणजे ठोकळा सरकत असतानाचा, ०.४ दिला. मैत्रिणीने लिहिलं: घर्षण ६० न्यूटन. बरोबर उत्तरही तिच्या हाती आणखी एक सोडवलेलं उदाहरण होऊन बसलं होतं. आमच्या विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत पहिली ओळ होती, "आधी बघायचं, ठोकळा हलतो का." ६० हे ४९ पेक्षा जास्त, म्हणजे हलतो, घर्षण ०.४ × ९८, म्हणजे ३९.२, त्वरण साधारण २.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. मी मैत्रिणीला दोष देत नाही. तिला तयार उत्तर मिळालं आणि त्या उत्तरावर मी पूर्ण गुण दिले. ती थांबून विचार करेल असं कारण आम्ही दोघांनीही तिला दिलं नव्हतं. त्यानंतर मी असाइनमेंटमध्ये एक बदल केला. निम्मे गुण आता उत्तराला नसतात, तर "हेच सूत्र इथे का लागू होतं, आणि कोणता आकडा बदलला तर लागू होणार नाही" या दोन-तीन वाक्यांना असतात. तपासायला वेळ जास्त लागतो. वाचायला मात्र मजा येते.

सत्राच्या शेवटाकडे संख्याशास्त्राची आणखी एक असाइनमेंट आली. चाचणीचाच प्रश्न, आकडे बदललेले: रोग असलेल्यांपैकी ९५ टक्के पॉझिटिव्ह, नसलेल्यांपैकी ५ टक्के. पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला रोग असण्याची संभाव्यता काढा. वर्गातल्या बहुतेकांनी ०.९५ लिहून टाकलं. तिच्या वहीत सूत्र नव्हतं, आकडेमोड नव्हती. "पैकी"भोवती दोन गोल होते आणि खाली लिहिलं होतं: "एकूण लोकांपैकी किती जणांना रोग आहे, हे दिलेलं नाही. १०० पैकी १ असेल तर उत्तर सुमारे १६ टक्के, १०० पैकी ५० असतील तर ९५ टक्के. हा आकडा मिळाल्याशिवाय एकच उत्तर देता येणार नाही."

प्रश्न टाइप करताना ती ओळ खरोखरच गळली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी दुरुस्त केलेला प्रश्न सगळ्या वर्गाला पुन्हा दिला.